मागच्या खोलीतली झोप

माझी नात झोपेवर लिहिते. बंगळुरात सर्जापूर रोडला नवव्या मजल्यावर राहते, मीही तिथंच असते. तिला दहा महिन्यांचं पोर आहे, ऑफिसचं काम घरात बसूनच करते, आणि पोर निजलं की कुठल्याशा मासिकासाठी आयांच्या झोपेबद्दल लिहायला बसते. मी तिला म्हटलं, "तेवढा वेळ झोपलीस तर लिहायची पाळी येणार नाही." ती म्हणाली, "आज्जी, ते सांगू नकोस. तुझ्या वेळचं सांग. तुला झोप मिळायची?"

मी म्हटलं, "आम्हाला कसली अडचण. पाठ टेकली की झोप."

माझी मुलगी, म्हणजे नातीची आई, तिथंच बसून बाळाच्या लंगोटांच्या घड्या करत होती. होसकोट्याला असते ती, नातवाला बघायला येते. ती हसून म्हणाली, "आईला काय विचारतेस? आई एकदा झोपली की तिला उठवायची कुणाची टाप नव्हती."

सगळे हसले, मीही हसले. पण ती हे नुसतं गमतीनं म्हणाली की तिला काही आठवतं म्हणून म्हणाली, ते मला कळलं नाही. तेव्हापासून जेवण नीट जात नाही.

मी चौथीपर्यंत शिकले, तेही कानडी शाळेत. मराठी अक्षरं वडिलांनी पोथी वाचता यावी म्हणून शिकवली. म्हणून चुका असतील. पण तोंडानं सांगायला लागले की मी माझी बाजू घेते, हे मला माहीत आहे. म्हणून वही घेतली.

तेव्हा म्हैसूर राज्य म्हणायचे. आम्ही पेठेत राहत होतो, दोन खोल्या पुढं आणि एक मागं, त्याच्यामागं न्हाणी. घरात माझी सासू, हे, मी, चार वर्षांची ही मुलगी आणि सात महिन्यांचा मुलगा. ह्यांची कापडाच्या दुकानात नोकरी. सकाळी नऊला जायचे ते रात्री दहाला यायचे. आल्यावर गरम लागायचं. सासूला आम्ही अत्ते म्हणायचो, कानडीसारखं. आमच्या लोकांचं असंच. घरात मराठी बोलायचं आणि निम्मे शब्द रस्त्यावरचे.

सासू वाईट नव्हती, हे आधी लिहून ठेवते. गुडघे धरलेले असायचे तिचे, खाली बसली की उठायला भिंत लागायची. ती पूजा करायची, भाजी चिरायची, मुलांना बघायची. बाकीचं माझं.

पहाटे चारला रस्त्यावरच्या नळाला पाणी यायचं आणि सहाला जायचं. पंधरा-सोळा खेपा व्हायच्या. मग चूल, न्हाणीतला हंडा तापवायचा, डबा, धुणं, दुपारी दगडावर दोशाचं पीठ वाटायचं, संध्याकाळी परत चूल, दहाला ह्यांचं ताट. अकराला पाठ टेकायची. धाकटा जन्मल्यापासून रात्री उठायचा, त्यात आता दात येत होते. तो बारा वाजता उठायचा, दोनला उठायचा, आणि चारला मला उठायचंच असायचं. हे सहा महिने चाललं. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. शेजारच्या घरात पाच मुलं होती आणि त्या बाईचंही तेच होतं. तिनं मी केलं ते केलं नाही.

आषाढातली गोष्ट. बंगळुरात आषाढात वारा सुटतो, बारीक पाऊस दिवसभर भुरभुरत असतो, फरशीवर पाय ठेववत नाही. त्या पहाटे मी नळाला कळशी लावली आणि उभ्या उभ्या झोपले. कळशी भरून वाहायला लागली. मागं आठ-दहा बायका रांगेत. शेजारची अक्का कानडीत ओरडली, "अगं ए, पाणी चाललं गटारात. नवरा रात्री झोपू देत नाही काय?" सगळ्या हसल्या. मी कळशी उचलली, कमरेला लावली आणि घराकडं निघाले. चालताना डोळे परत मिटले. पायरीला अडखळले तेव्हा उघडले.

दारात सासू उभी होती, आंघोळ झालेली, पूजेचं पाणी हवं म्हणून थांबलेली. मी कळशी उंबऱ्याच्या बाहेर ठेवली आणि म्हटलं, "अत्ते, मी बाहेरची झाले."

हे ठरवून म्हटलं नव्हतं. तोंडातून निघालं. निघाल्यावर परत घेता आलं असतं, तेही केलं नाही.

आताच्या मुलींना सांगावं लागेल. महिन्याचे ते तीन दिवस बाई बाजूला बसायची. आमच्यात त्याला बाहेरची होणं म्हणायचे. स्वयंपाकघरात जायचं नाही, पाण्याला शिवायचं नाही, देवाकडं बघायचं नाही. मागच्या खोलीत एक चटई, एक घोंगडी, एक वेगळं ताट आणि तांब्या. जेवण लांबून वाढायचे. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की परत घरात. कितीतरी बायकांना त्या तीन दिवसांची लाज वाटायची, राग यायचा. मला त्या दिवसांत एकच दिसायचं, की कुणी मला उठ म्हणणार नाही.

माझी पाळी यायला अजून दहा दिवस होते.

सासूनं माझ्याकडं बघितलं. थोडा वेळ बघितलं. मग "सरी" म्हणाली, म्हणजे बरं. आणि मी आणलेली कळशी तिनं गटारात ओतली, कारण माझा हात लागला होता. चिंच लावून कळशी घासली आणि गुडघ्यावर हात ठेवत ठेवत नळाकडं निघाली. मी मागच्या दारानं आत गेले. मला दिसत होतं ती कशी चालतेय ते. मी चटई पसरली.

पहिला दिवस मला आठवतच नाही. धाकट्याला अंगावर पाजायला म्हणून आणून ठेवायचे. अंगावर पिणाऱ्या मुलाला विटाळ नसतो, फक्त त्याचं झबलं काढायचं आणि उघडं द्यायचं. तो प्यायचा, मी झोपलेली असायची. मग सासू येऊन त्याला घेऊन जायची. दुसऱ्या दिवशी जेवायला उठले एवढंच. सासूनं रागीची, म्हणजे नाचणीची, आंबील वाढली, लांबून, आणि म्हणाली, "स्वल्प मीठ जास्त झालं असेल. बघ." मी म्हटलं, "बरं आहे." तिच्या हाताला भाजलेलं होतं, अंगठ्याजवळ, फोड आला होता. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उठावं लागलं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुलगी आली.

जेवणं झाली होती. मी भिंतीकडं तोंड करून पडले होते, घोंगडी डोक्यावरून घेतलेली. मागनं आवाज आला, "आई."

मी वळून बघितलं. ती उंबऱ्यावर उभी होती. अंगावर काही नव्हतं. फ्रॉक हातात धरला होता, चुरगाळून, मुठीत.

"आई, मी कपडे काढले. आता मी येऊ?"

धाकट्याला उघडा करून माझ्याजवळ देतात हे तिनं तीन दिवस बघितलं होतं. आणि तिचं खरंच होतं. पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना असं घेतलं तर चालायचं, सगळेच घ्यायचे. नाही म्हणायला काही कारण नव्हतं. शिवाशिवीचं तर मुळीच नव्हतं, मी कुठं बाहेरची होते.

मी म्हटलं, "तू मोठी झालीस. जा, आजीकडं झोप."

ती म्हणाली, "बाळ येतो."

"बाळ लहान आहे. जा म्हटलं ना."

ती गेली नाही. मला माहीत होतं ती गेली नाही, कारण पायांचा आवाज आला नाही. मी भिंतीकडं वळले आणि घोंगडी ओढून घेतली. मला एवढंच वाटलं होतं की ही आत आली की बोलेल, पाय मारेल, गोष्ट सांग म्हणेल, आणि उद्या चारला परत नळ आहे. हा शेवटचा दिवस होता. मला तो कुणाला द्यायचा नव्हता. पोटच्या पोरीलाही नाही.

ती परत एकदा "आई" म्हणाली. मी झोपल्यासारखं केलं. मग खरंच झोपले.

सासूच्या आवाजानं जाग आली. ती माझ्या अंगावर ओरडत नव्हती. नुसती म्हणत होती, "अगं बाई, अगं बाई," असं हळू. मुलगी उंबऱ्याबाहेरच्या दगडी फरशीवर निजली होती, अंगाचं मुटकुळं करून, फ्रॉक डोक्याखाली घेतलेला. न्हाणीचं दार उघडं होतं आणि तिथनं वारा सरळ येत होता. ओठ निळे पडले होते. दीड-दोन तास तरी झाले असतील. सासू धाकट्याला घेऊन पुढच्या खोलीत आडवी झाली होती. तिला वाटलं होतं पोरगी माझ्याजवळ आहे.

मी उठले आणि दोन पावलं पुढं आले. सासूनं हात वर केला, मला वाटलं शिवू नको म्हणून. मी थांबले. माझंच खोटं होतं, मीच त्याला धरून थांबले. सासूनं तिला उचललं. गुडघे तसले, तरी उचललं, आणि लुगड्यात गुंडाळून चुलीपाशी नेलं. मी उंबऱ्याच्या आतनं बघत राहिले.

चौथ्या दिवशी पहाटे मी डोक्यावरून पाणी घेतलं. तोपर्यंत मुलीला ताप भरला होता. दोन दिवसांत श्वास घेताना छाती आत जायला लागली. जटका करून आम्ही तिला डॉक्टरकडं नेलं. जटका म्हणजे घोडागाडी. ते म्हणाले छातीत कफ धरलाय, सकाळ-संध्याकाळ सुई द्यावी लागेल. ह्यांनी विचारलं, "एवढं कशानं झालं?" मी काही बोलायच्या आत सासू म्हणाली, "वारा लागला. आषाढ आहे." हे परतताना गाडीवाल्याला दम देत राहिले की खड्डे बघून हाक.

आठवडाभर ती कधी शुद्धीत असायची, कधी नसायची. सुई देताना रडायची नाही. डॉक्टर म्हणाले, "शहाणी आहे पोर." मला ते शहाणपण बघवत नव्हतं.

आणि मग माझी खरी पाळी आली.

आता काय करणार? परत बाजूला बसले तर पंधरा दिवसांत दोनदा कसं, असं कुणीही विचारेल. आणि मुलीला रात्रंदिवस मांडीवर घेऊन बसायचं होतं, जटक्यात धरायचं होतं. मी कुणाला सांगितलं नाही. तशीच चुलीशी गेले, तसंच देवाला फूल वाहिलं, तसंच सासूला वाढलं. तेव्हा मला वाटायचं, हे पाप आता पोरीवर जाणार. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून न्हाणीत फडकी धुवायची आणि हंड्यामागच्या दोरीवर, वरनं परकर टाकून वाळत घालायची.

तिसऱ्या दिवशी मी न्हाणीत आले तर सासू तिथं दगडावर बसलेली. परकर बाजूला केलेला होता. मी दारातच उभी राहिले.

ती म्हणाली, "मागच्या वेळी कुठं वाळत घातली होतीस? मला दिसली नव्हती."

मी हातातली फडकी पदराखाली घेतली.

"बायकांच्या घरात दोरी कोण बघत नाही? पहिल्याच दिवशी कळलं मला."

माझ्या तोंडातून निघालं, "मग तुम्ही बोलला का नाहीत, अत्ते?"

"काय बोलायचं? झोपली होतीस."

मी रडायला लागले तर ती म्हणाली, "रडू नको, पोर उठेल." तिच्या अंगठ्यावरचा फोड फुटून त्याची खपली धरली होती, ती खपली ती बोटानं चाचपत होती. म्हणाली, "तीन दिवस मी पाणी भरलं, त्याचं काही नाही. जमलं मला. पण पोरीला घ्यायचं होतंस. फ्रॉक मीच काढला तिचा. सारखी आई आई करत होती. म्हटलं असं पाठवलं तर हिला नाही म्हणता येणार नाही."

एवढं बोलून ती भिंत धरून उठली. फडक्यांवर तिनं परकर परत नीट ओढला, बाहेरून दिसू नयेत म्हणून. त्यानंतर जगली तोपर्यंत तिनं हा विषय काढला नाही, ना माझ्याशी, ना ह्यांच्याशी. भांडणातसुद्धा नाही. काढला असता तर बरं झालं असतं असं मला पुष्कळदा वाटलं.

पुढच्या महिन्यात ह्यांनी नळावर जायला एक बाई लावून दिली, पहाटेच्या खेपांना. सासूनं सांगितलं म्हणून. काय कारण सांगितलं ते मला माहीत नाही. मला पाचपर्यंत झोपता यायला लागलं. पण मी चारलाच जागी व्हायची.

मुलगी बरी झाली. महिनाभर खोकली, मग अंग धरलं. पण एक झालं. बरी झाल्यावर ती आपली वाकळ उचलून आजीच्या शेजारी गेली. कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "इथं ये की माझ्याजवळ, जागा आहे." ती म्हणाली, "नको, मी मोठी झाले." माझेच शब्द. रागानं नाही म्हणाली, अगदी समजूतदारपणानं. मग सासू गेली तोपर्यंत ती तिच्याजवळच झोपली. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. ताप आला तरी मला उठवायची नाही, सकाळी सांगायची. पहिल्यांदा न्हाती झाली तेव्हासुद्धा आधी आजीला सांगितलं. धाकटा मात्र दहा वर्षांचा होईपर्यंत माझ्या कुशीत होता.

मी नवस केले, उपास केले, ते सगळे विटाळात देवाला शिवले म्हणून केले. किती वर्षं मला तेच मोठं पाप वाटत होतं. आता वाटत नाही. देवाला त्याचं काही वाटलं असेल असं मला वाटत नाही. लाज वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. उपास करून ती गेली नाही.

इथपर्यंत लिहून वही मी कपाटात ठेवली होती. पुढचं ह्या आठवड्यातलं आहे.

अवरेकायचा, म्हणजे पावट्यासारख्या शेंगांचा, हंगाम सुरू झालाय. मुलगी होसकोट्याहून पिशवीभर शेंगा घेऊन आली. तिकडची अवरेकाय चांगली, वास येतो हाताला. दाणे सोलून रात्रभर भिजवले आणि सकाळी आम्ही दोघी परात मधे घेऊन बसलो, एकेक दाणा दाबून साल काढायला. नात आत फोनवर कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होती, बाळ झोपलं होतं. मला वाटलं आता नाही सांगितलं तर मी मरून जाईन आणि वही ही पोर वाचेल, तिच्या आईच्या आधी.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, पाळी नव्हती तेही. वर बघितलं नाही. दाणे दाबत दाबत सांगितलं.

तिचे हात चालूच होते. मग म्हणाली, "मला फरशी आठवते. गार. पण मला वाटायचं ती दवाखान्यातली."

मी म्हटलं, "नाही, आपल्या घरातली."

"दार उघडं होतं ना खोलीचं?"

"उघडं होतं."

"मग मी आत का आले नाही?"

"मी नको म्हटलं होतं."

"हां," ती म्हणाली. आणखी चार दाणे दाबून म्हणाली, "आजीसुद्धा म्हणायची, एकदा नको म्हटलं की ही पोर परत मागत नाही. मला वाटायचं कौतुक करतेय."

मला म्हणायचं होतं की माझं चुकलं. तसं आमच्यात म्हणत नाहीत, आईनं मुलीला तर नाहीच, पण मी म्हटलं. तिनं ऐकलं. परातीत बोट फिरवून ती म्हणाली, "आई, सालं दाण्यात पडतायत तुझी. दिसत नाही तर राहू दे, मी करते."

मी म्हटलं, "दिसतंय मला."

"मग बाजूला टाक."

मी बाजूला टाकायला लागले.

दुपारी जेवून ती इथंच माझ्या खोलीत खाली चटईवर आडवी झाली. एरवी बाहेर सोफ्यावर पडते. गुडघे तिचेही धरलेत आता, आजीवर गेलीय. मी पलंगावरून म्हटलं, "फरशी गार आहे, वर ये." ती म्हणाली, "नको, इथं बरं आहे," आणि पाच मिनिटांत तिला झोप लागली. मी माझी शाल तिच्या पायांवर टाकली. तिनं ती झोपेतच लाथेनं बाजूला केली. थोड्या वेळानं मी परत टाकली. दुसऱ्यांदा राहिली.

बाळ उठलं तेव्हा नात आईला हाक मारत आत आली. मी तोंडावर बोट ठेवलं आणि बाळाला माझ्याकडं घेतलं.